मॉर्मन लोकांचं तारण, जन्माचा हेतू आणि आमच्या आजोबांचं नाव : कुणाला नीट माहिती आहे का?

अशोक_चौक

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आमचं मूळ तेलंगणातलं पण चार पिढ्या सोलापुरात, पूर्व भागात, यंत्रमागाचं काम. माझी एक चुलतबहीण हैदराबादला असते, ती काही वर्षांपूर्वी द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स म्हणून आहे त्यात गेली, लोक ज्यांना मॉर्मन म्हणतेत ते. तेव्हा घरात बोलाचाली झाली पण नंतर सगळं निवळलं, कारण पोरगी मनानं लई चांगली आहे, चहा-कॉफी सोडली आणि रविवार चर्चला दिला एवढंच, बाकी आमच्याशी वागणं आधी होतं तसंच.

आता मागच्या आठवड्यात तिचा पप्पांना फोन आला. आजोबांचं पूर्ण नाव, जन्मगाव, जन्मतारीख, लग्न कधी झालं, वारले कधी, हे सगळं मागितलं. पप्पांना वाटलं वंशावळ करतीये, त्यांनी हौसेनं सांगायला घेतलं. मग ती म्हणाली मोठे पप्पा, मला आजोबांच्या वतीनं बाप्तिस्मा करायचाय, बँकॉकच्या टेंपलला जाणार आहे, आणि त्यासाठी तुमची परवानगी पाहिजे कारण आजोबांच्या मुलांत आता तुम्हीच आहात.

पप्पांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी ते मागाकडं फिरकलेच नाहीत. आजोबांच्या गळ्यात शेवटपर्यंत माळ होती. आषाढीला पायी पंढरपूर, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला खांदा. पप्पा एवढंच म्हणाले, "गेलेल्या माणसाला विचारायचं कुणी?"

मला भांडण करायचं नाहीये. मला समजून घ्यायचंय की या लोकांच्या मते माणूस जन्माला येतो कशासाठी, मेल्यावर त्याचं काय होतं, आणि बाप्तिस्मा न घेता गेलेले आमचे आजोबा त्यांच्या हिशोबानं आत्ता कुठं आहेत? नरकात का? ते मोक्ष मानतेत का? आणि परवानगी दिली तर नक्की काय होतं, नाही दिली तर काय होतं? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा प्लीज, धर्मांतरावरून वाद इथं नको.

---

भीमाकाठ

मी त्या पंथातला नाही, निवृत्त शिक्षक आहे, पण या विषयात बरंच वाचलंय. आधी तुमच्या पप्पांना हे सांगा की त्या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे तुमचे आजोबा नरकात नाहीत. हे नक्की.

त्यांची सगळी मांडणी जन्माच्या आधीपासून सुरू होते. त्यांचं म्हणणं असं की आपण सगळे, म्हणजे तुम्ही मी अमेरिकेतला माणूस आफ्रिकेतला माणूस, पृथ्वीवर यायच्या आधी देवापाशी आत्म्याच्या रूपात होतो, देवाची खरीखुरी लेकरं म्हणून. देवाला शरीर आहे असं ते मानतेत आणि स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे असंही मानतेत. तिथं एक सभा झाली. देवानं योजना मांडली की लेकरांनी पृथ्वीवर जावं, शरीर घ्यावं, चांगल्या-वाइटातून स्वतः निवड करावी, चुकतील त्यांच्यासाठी येशू प्रायश्चित्त करेल. ल्युसिफर म्हणाला की मी सगळ्यांना परत आणतो, एकही हरवणार नाही, पण निवडीचं स्वातंत्र्य काढून घेतो आणि मान मला द्या. ते नाकारलं गेलं आणि त्यावरून तिथंच युद्ध झालं. म्हणजे त्यांच्या मते सैतानाचं मूळ पापच हे की त्यानं लोकांना जबरदस्तीनं तारायचं म्हटलं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता जन्माचा हेतू. आपल्याकडं जन्म म्हणजे फेरा, त्यातून सुटायचं. त्यांच्याकडं जन्म ही मिळवलेली संधी आहे, शरीर मिळणं हीच प्रगती, आणि तो एकदाच, पुनर्जन्म ते मानत नाहीत. जन्मताना मागचं सगळं विसरायला होतं म्हणजे श्रद्धेनं चालता येतं का ते कळावं. आदाम-हव्वेनं फळ खाल्लं त्याचं बाकीचे ख्रिश्चन दुःख करतेत, हे लोक उलट म्हणतेत की ते व्हायलाच पाहिजे होतं, नाहीतर आपण आलोच नसतो. बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथात 'दुसरा नेफी' म्हणून भाग आहे, त्याच्या दुसऱ्या अध्यायात वाक्यच आहे की माणसं व्हावीत म्हणून आदाम पडला आणि माणसं आहेत ती आनंद मिळावा म्हणून. आदामाच्या पापाची शिक्षा त्याच्या लेकरांना नाही, ज्यानं त्यानं आपापल्या पापाचं बघायचं. म्हणून तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, आठ वर्षांच्या आत नाहीच.

मेल्यावर आत्मा आत्म्यांच्या जगात जातो, तिथं शिकवण चालू असते, मग पुनरुत्थान, म्हणजे शरीर परत मिळतं आणि ते सगळ्यांना, चांगल्या-वाइटालाही. मग न्याय. पण न्यायानंतर स्वर्ग किंवा नरक असे दोनच दरवाजे नाहीत. १६ फेब्रुवारी १८३२ ला ओहायोमधल्या हायरम गावात पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन यांना दर्शन झालं असं ते मानतेत, त्यात तीन वैभवं दिसली, सूर्यासारखं, चंद्रासारखं, ताऱ्यांसारखं. जे सचोटीनं जगले पण ख्रिस्ताला पूर्ण स्वीकारलं नाही ते चंद्राच्या. खोटारडे, व्यभिचारी हेसुद्धा शिक्षा भोगून शेवटी ताऱ्यांच्या वैभवात जातेत. पूर्ण बाहेरच्या अंधारात जाणारे अगदी थोडे, ज्यांनी सत्य डोळ्यांनी पाहिल्यासारखं जाणलं आणि तरी उलटले. अर्थात त्यांच्या हिशोबानं तारण जवळजवळ सगळ्यांनाच आहे. झटायचं असतं ते सर्वात वरच्या जागेसाठी, देवापाशी, कुटुंबासकट. मोक्षाशी याची जोड लावायला जाऊ नका, फसगत होईल. मोक्षात सगळी नाती गळून पडतेत, यांच्याकडं नाती टिकली तरच पूर्णता.

---

सिकंदराबादहून

मी त्याच चर्चची सदस्य आहे, माहेर सोलापूर, जुळे सोलापूरला आई-वडील असतात. सरांनी बरोबर लिहिलंय. दादा, तुमचा मेसेज वाचून मला तुमच्या पप्पांसाठी वाईट वाटलं आणि तुमच्या बहिणीसाठीपण, कारण तिनं कुठल्या मनानं फोन केला असेल ते मला माहितीये.

आमच्या पंथात हे आलं कुठून ते सांगते. जोसेफ स्मिथचा मोठा भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये गेला, पंचविशीतला तरणाताठा पोरगा, घर बांधायला घेतलेलं ते अर्धवट राहिलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधीला पाळकानं असं सुचवलं की हा नरकात गेला. वडिलांना ते कायमचं लागलं, आणि जोसेफलाही. मग जानेवारी १८३६ मध्ये कर्टलंडच्या टेंपलात त्याला दर्शन झालं, त्यात ॲल्विन सर्वात वरच्या वैभवात दिसला. त्याला कळेना हा तिथं कसा, तेव्हा सांगितलं गेलं की ज्यांना ऐकायलाच मिळालं नाही पण मिळालं असतं तर मनापासून स्वीकारलं असतं, ते तिथंच जातात, कारण देव कामाबरोबर मनाची इच्छासुद्धा बघतो. चार वर्षांनी, १८४० च्या ऑगस्टमध्ये, नावू गावात त्यानं मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा पहिल्यांदा शिकवला आणि लोक मिसिसिपी नदीत उतरून आपल्या आई-बापासाठी, भावंडांसाठी बाप्तिस्मा घ्यायला लागले. बायबलात १ करिंथ १५:२९ मध्ये त्याचा उल्लेख आहे. म्हणजे हे सगळं एका घरातल्या दुःखातून उभं राहिलंय, कुणाला बाटवायला नाही.

विधी कसा असतो ते सांगते, म्हणजे पप्पांच्या मनात भलतंसलतं यायला नको. टेंपलात बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर मोठं कुंड असतं, जुन्या करारात शलमोनाच्या मंदिरात होतं तसं. पांढरे कपडे घालून जिवंत माणूस त्यात उतरतो, पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई, विधी करणारा उजवा हात वर करून जो वारलाय त्याचं नाव घेतो आणि पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतो. फोटो नाही, अस्थी नाही, काही वस्तू नाही, फक्त नाव. पुरुषासाठी पुरुषच पाहिजे म्हणून तुमच्या आजोबांसाठी ती स्वतः उतरू शकणार नाही, तिथला कुणी भाऊ उतरेल. आजीचं नाव असेल तर तिच्यासाठी ती उतरेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. विधी झाला म्हणजे आजोबा मॉर्मन झाले असं आम्ही मानत नाही, त्यांचं नाव सदस्यांच्या यादीत जात नाही. आत्म्यांच्या जगात त्यांच्यापुढं फक्त ते ठेवलं जातं, घ्यायचं का नाही ते ते ठरवणार. घरापासून लांब हॉस्टेलला शिकायला असलेल्या पोराला घरून डबा पाठवतात, त्यानं खाल्लाच पाहिजे अशी जबरदस्ती नसते, तसं समजा.

आम्ही तारण कर्मानं मिळवतो असं बरेच जण म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. पुनरुत्थान ख्रिस्तामुळं सगळ्यांना फुकट मिळतं. पापातून सुटका कृपेनंच, पण विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याचं दान आणि मग दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळणं हे आपल्याकडून लागतं. टेंपलात नवरा-बायकोचं लग्न मरेपर्यंत नाही तर कायमचं लावलं जातं आणि मुलं आई-बापाला जोडली जातात. तुमच्या बहिणीला नेमकं तेच हवंय हो, आजोबा आपल्यापासून तुटू नयेत.

---

कॅम्प_सोलापूर

मी प्रोटेस्टंट ख्रिश्चन, आमचं घराणं जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापूरच्या मंडळीत आहे. ताईंचा आदर ठेवून लिहितो, पण प्रश्नकर्त्यांना हे कळायला हवं की बाकी ख्रिस्ती मंडळ्या हे मानत नाहीत. आम्ही मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा करत नाही. बायबलात इब्री ९:२७ मध्ये माणसाला एकदाच मरणं आणि नंतर न्याय असं आहे, मधे दुसरी संधी आहे असं आम्हाला दिसत नाही. पौलानं करिंथला तो उल्लेख केला तो पुनरुत्थानाचा मुद्दा पटवायला, तसं करा अशी आज्ञा दिलेली नाही असं आम्ही समजतो.

दुसरं, पिता पुत्र पवित्र आत्मा हा एकच देव असं आमचं, त्यांच्याकडं हे तिघं वेगळे, हेतूनं एक. आणि माणूस वाढत वाढत देवासारखा होऊ शकतो ही त्यांची शिकवण, त्यांचे पाचवे अध्यक्ष लोरेंझो स्नो यांचं त्या अर्थाचं वचन प्रसिद्ध आहे, ती आम्हाला अजिबात मान्य नाही. निर्माता तो निर्माता आणि निर्मिलेला तो निर्मिलेला. त्यांच्या ग्रंथात "आपल्याकडून होईल तेवढं सगळं केल्यावर आपण कृपेनं तारले जातो" असं वचन आहे, दुसऱ्या नेफीच्या २५ व्या अध्यायात. आम्हाला त्यातला पहिला अर्धा भाग जड जातो. माझ्याकडून होईल तेवढं सगळं मी कधीच करू शकणार नाही, म्हणूनच मला तारणारा पाहिजे.

पण एक कबूल करतो. ऐकायलाच न मिळालेल्यांचं काय हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती माणसाला छळतो. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचे वडील तसेच गेले. आम्ही एवढंच म्हणतो की देव न्यायी आहे आणि दयाळू आहे, त्याच्यावर सोडा. मॉर्मन लोकांनी त्याचं उत्तर तयार केलं, ते बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण प्रश्न खरा आहे.

---

माळकरी_मंगळवेढा

सगळ्यांचं वाचलं. ताई, तुम्ही डब्याचं सांगितलं ते प्रेमानं सांगितलं, पण नाव घरच्यांचं आहे हो. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ म्हणजे त्यानं शुद्धीत असताना, हयात असताना केलेली निवड आहे. या दादांच्या आजोबांना ऐकायला मिळालं नाही असं म्हणता येत नाही, त्यांनी विठ्ठल निवडला होता आणि आयुष्यभर दरसाल चालून ती निवड पुन्हा पुन्हा केली. मग त्यांच्यापुढं काय ठेवायचं राहिलं?

सरांनी वर लिहिलंय की जबरदस्तीनं तारणं हेच तुमच्याकडं सैतानाचं पाप. मग घरच्यांचा नकारही तेवढाच मोठा माना. आणि हे तुमच्या चर्चनंही मानलंय. ज्यू लोकांनी आक्षेप घेतला होता की हिटलरच्या छळछावण्यांत मेलेल्या आमच्या माणसांची नावं तुम्ही या विधीला का घेता, ते आमच्या धर्मासाठी मेले. १९९५ मध्ये चर्चनं करार केला की थेट वंशज सोडून बाकीच्यांनी ती नावं द्यायची नाहीत. तरी नंतरही कुणी कुणी नावं घातलीच आणि पुन्हा माफी मागावी लागली. म्हणजे दुखतं ते खरंच दुखतं.

वंशावळ जपायचं म्हणाल तर त्यात मला काडीचा आक्षेप नाही. आपल्याकडं त्र्यंबकच्या नामावळी, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. हरिद्वारच्या पंडांच्या वह्यांची मायक्रोफिल्म तर अमेरिकेतल्या यूटाच्या याच लोकांच्या वंशावळ संस्थेनं काढून ठेवली, आणि ते काम चांगलं आहे असं मी मोकळ्या मनानं म्हणतो. नाव लिहून ठेवा. पाण्यात नेऊ नका.

---

सिकंदराबादहून

माऊली, तुम्ही लिहिलं ते मनाला लागलं आणि मी ते टाळणार नाही. आमचा नियमच आहे की ज्याचा जन्म गेल्या ११० वर्षांतला आहे त्याच्यासाठी सर्वात जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी घ्यायची. दादांच्या बहिणीनं परस्पर नाव न देता फोन करून विचारलं ते त्यामुळंच, तिच्यावर राग धरू नका. पप्पा नाही म्हणाले तर नाही. विषय संपला. आणि त्यानं आजोबांचं नुकसान होतं असंही आम्ही मानत नाही. देवाला घाई नाही, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यात हे काम पूर्ण होईल असा आमचा विश्वास आहे. मला स्वतःला माझ्या आजीसाठी वडिलांनी नाही म्हणून सांगितलंय. मी थांबलीये.

---

अशोक_चौक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर पप्पांना सगळं वाचून दाखवलं, आईपण बसली होती. ॲल्विनचं ऐकताना पप्पा मधेच म्हणाले, "त्या पाळकानं बापासमोर असं बोलायला नको होतं." नरकात धरत नाहीत म्हटल्यावर चेहरा सैल झाला, त्यांना खरं तेच लागलं होतं, की नातीला आपला बाप वाईट जागी आहे असं वाटतंय म्हणून ती हे करतीये.

पण परवानगी द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. मंगळवेढ्याच्या माऊलींचं पटलं त्यांना, बापानं माळ स्वतः घातली होती, ती मी कशी काढू म्हणाले. या विधीनं माळ निघत नाही असं मी ताईंच्या मेसेजवरून सांगून बघितलं, तरी नाही म्हणाले आणि मी पुढं ओढलं नाही. आज सकाळी त्यांनी स्वतः तिला फोन केला. ती रडली थोडी, मग बरं म्हणाली. मग दोघं अर्धा तास आजोबांबद्दलच बोलत होते, तिला माहितीच नव्हतं की आजोबा आधी मिलमध्ये बदली कामगार होते आणि मिळतील त्या दिवसाच्या हजेरीवर घर चालवायचे.

आता दोन प्रश्न राहिले. एक, ती म्हणतीये नुसत्या वंशावळीत नाव टाकू का. पप्पांना चालेल, पण त्यात टाकलं की आपोआप विधीला जातं का? दुसरा माझाच. तिचं लग्न झालेलं नाही आणि करायचं नाही असं म्हणते. कुटुंबाशिवाय वरची जागा नाही म्हणता, मग तिचं काय?

---

सिकंदराबादहून

आपोआप जात नाही दादा. फॅमिलीसर्च म्हणजे आमच्या चर्चची वंशावळीची वेबसाइट, तिथल्या वंशावळीच्या झाडात माहिती भरणं वेगळं आणि टेंपलच्या विधीसाठी नाव राखून ठेवणं वेगळं, ते मुद्दाम करावं लागतं आणि तिथं ११० वर्षांचा नियम आडवा येतो. हयात माणसांची माहिती दुसऱ्यांना दिसत नाही, म्हणून पप्पांची वगैरे घातली तरी उघड होणार नाही. आजोबांच्या नोंदीखाली आठवणी लिहायची सोय आहे, तिथं बदली कामगाराचं, वारीचं, रथाचं सगळं लिहायला सांगा, माळेसकट. घरच्यांनी नकार दिलाय हेही तिथं नोंदवून ठेवा म्हणजे पुढं दुसऱ्या कुणी नातेवाइकानं उघडलं तर त्याला कळेल.

लग्नाचं म्हणाल तर शिकवण अशी आहे की जो विश्वासू राहिला आणि ज्याला या जन्मात तो योग आला नाही त्याचं काहीही अडवलं जाणार नाही. तिनं स्वतःहून नको ठरवलंय ते वेगळं, पण त्यावर निवाडा करायला आम्ही कोण. तिला माझा नंबर हवा असेल तर मला इथं पर्सनल मेसेज करा, इकडं मराठी बोलणाऱ्या आम्ही थोड्याच आहोत.

---

भीमाकाठ

आजोबांचं जन्मगाव तेलंगणातलं असेल तर तिथल्या शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख बघा. आपल्याकडच्या जुन्या माणसांची तारीख बऱ्याचदा एक जून लावलेली असते, झाडात घालताना "अंदाजे" असं लिहायला सांगा.